डिस्कसच्या पुढचा अबाउट

अण्णा,

गेल्या रविवारी जेवताना तुमच्याबद्दल बोलणं निघालं आणि मी गप्प बसलो. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. ऑफिसातली एक मुलगी जेवायला आली होती. पुण्याची आहे, सहा महिन्यांपूर्वी बंगळूरला आली, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात माझ्या हाताखाली काम करते आणि घरच्या जेवणाला आसुसलेली असते. आईनं गाजराची कोसंबरी केली होती. ती वाढता वाढता आई तिला सांगायला लागली, की ह्याचे वडीलही ह्याच कामातले, प्रेसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचे, पण पुढं डोळ्यांनी दगा दिला, त्यांच्या हातून एक मोठं पुस्तक बिघडलं आणि मग मालकांनी त्यांना मागं पॅकिंगला बसवलं. आईच्या सांगण्यात तक्रार नव्हती. एकतीस वर्षं सांगून सांगून ती गोष्ट आता गुळगुळीत झाली आहे. मुलगी म्हणाली, "पण आजी, सरांनी भरून काढलं की सगळं." आई हसली. मी वाटीत ताक ओतून घेतलं.

पुस्तक तुमच्या हातून बिघडलं नव्हतं. ते मी बिघडवलं. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, तिसऱ्या कुणाला नाही, माझ्या बायकोलाही नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणजे बावीस वर्षं हे माहीत असलेला मी एकटाच आहे. एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट हळूहळू घडलीच नव्हती अशी वाटायला लागते, हे मी अनुभवानं सांगतो. त्या दिवशी ताक ओतून घेताना मला क्षणभर खरंच वाटलं, की असेल बुवा, अण्णांचे डोळे गेले असतील.

मी शुक्रवारी नव्या मुलांचा एक तास घेतो. इंग्रजीत कुठल्या शब्दाच्या पुढं कुठला छोटा शब्द येतो, एवढाच विषय. ह्या मुलांना मोठे शब्द भरपूर येतात. अडखळतात ती 'इन' की 'ऑन', 'ऑफ' की 'फ्रॉम', इथं. आपल्या भाषेत हे काम शब्दाच्या शेपटीला चिकटून येतं, घरात, घरावर, घराचा, त्यामुळं ते वेगळं शिकावं लागत नाही. त्यांच्या भाषेत हे छोटे शब्द सुटे फिरतात आणि कुठला कुणाबरोबर जाईल ह्याला बऱ्याचदा काही कारण नसतं. मुलं म्हणतात, सर, आता हे मशीन सांगतं की, लाल रेघ येते खाली. येते. बहुतेक वेळा बरोबरही येते. तरी मी तास घेतो, कारण मशीनला कधी गप्प बसावं ते कळत नाही. माझ्या पाठीमागं मला 'प्रीपोझिशन अंकल' म्हणतात, तेही मला माहीत आहे. तासाच्या पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतंच, की सर तुम्ही कुठं शिकलात. मी सांगतो, कुठं नाही. बी.ए. सोडाच, बारावीनंतर मी कॉलेजचं तोंड बघितलं नाही, जे आलं ते माझं मी मिळवलं. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की त्यात आता दम घ्यायच्या जागाही ठरून गेल्या आहेत.

आता नीट आठवून लिहितो. कॉटनपेटच्या मागच्या गल्लीतला प्रेस. खालच्या मजल्यावर मशिनं, वर जिना चढून गेलं की डावीकडं कंपोझिंग आणि उजवीकडं, रस्त्याकडच्या खिडकीशी, वाचायचं टेबल. त्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं. एकाच्या हातात गिऱ्हाइकानं दिलेलं मूळ हस्तलिखित, त्याला कॉपी म्हणायचं. दुसऱ्याच्या हातात छापून आलेलं प्रूफ. कॉपीवाला मोठ्यानं वाचणार, अक्षर न् अक्षर, कॉमा आणि पूर्णविरामासकट. प्रूफवाला ऐकणार, आणि प्रूफात जे वेगळं दिसेल तिथं खूण करणार. प्रूफवाल्याला रीडर म्हणायचे, जरी वाचायचा तो दुसराच. रीडरनं कॉपीत डोकवायचं नाही आणि कॉपीवाल्यानं प्रूफात डोकवायचं नाही. दोघांनी एकमेकांच्या कागदात बघितलं की एकच चूक दोघांना दिसेनाशी होते, असं तुम्ही मला सांगितलं होतं. बावीस वर्षं तुम्ही त्या टेबलाशी कॉपी वाचलीत. बावीस नाही, एकवीस वर्षं आणि काही महिने. आधीची पाच वर्षं खिळे जुळवण्यात गेली.

निपाणीकडच्या खेड्यातून मराठी सातवी शिकून आलेला माणूस इंग्रजी पुस्तकं वाचायचा, आणि तीही अशी, की खालच्या मजल्यावरचे बाइंडर चहाच्या वेळी जिन्यावर बसून ऐकायचे. तुम्हाला इंग्रजी अक्षरं आधी उलटी आली, शिश्याच्या खिळ्यांवर असतात तशी, आणि मग सुलटी. अर्थ फारसा कळायचा नाही. कायद्याचं पुस्तक असो की शेतीखात्याचा अहवाल, तुम्हाला सगळं सारखंच. आणि तुमची ती पद्धत, छोटे शब्द मोठ्यानं आणि मोठे शब्द हळू. "मोठा शब्द चुकला तर आंधळ्याला बी दिसतंय," तुम्ही म्हणायचात. "'ऑफ' गेला, 'टू' गेला, तर डोळा त्यावरनं तसाच पुढं जातो. म्हणून त्याला आवाज द्यायचा." त्यामुळं तुमचं वाचणं ऐकणाऱ्याला आधी विचित्र वाटायचं, सगळं बोलणं दबक्या आवाजात आणि मधूनच 'फॉर', 'विथ', 'अपॉन' असे ठोके पडल्यासारखे. बसमध्ये बसलात तरी दुकानांच्या पाट्या तशाच पुटपुटायचात. आई वैतागायची. म्हणायची, अहो, लोक बघतात, स्वल्प हळू.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही रद्दीतली प्रूफं सुतळीनं बांधून घरी आणायचात आणि रविवारी सकाळी, आई भाकऱ्या थापत असायची तेव्हा, स्वयंपाकघरात पाटावर बसून मला वाचून दाखवायचात. मी समोर प्रूफ धरून बसायचो. तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. मी एक लांबट वही केली होती. डाव्या बाजूला मोठा शब्द, उजव्या बाजूला त्याच्यापुढं चालणारा छोटा शब्द, आणि खाली बारीक अक्षरात ही नोंद कुठल्या पुस्तकातून घेतली ते, पानाच्या आकड्यासकट. मला तेव्हाही पुरावा लागायचा. एकदा मी नोकरीसाठी अर्ज लिहिला आणि तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. 'इंटरेस्टेड फॉर' असं मी म्हणालो आणि तुम्ही हात वर केलात.

"'इंटरेस्टेड'च्या मागनं 'इन' येतं."

मी म्हणालो, का?

"का ते मला काय माहीत? इतकी वर्षं वाचतोय, 'फॉर' कधी आलेला नाही. कानाला टोचतंय."

मी पुस्तक काढलं, शोधलं. 'इन'च होतं. मी वहीत लिहिलं, आणि खाली पुस्तकाचं नाव आणि पान घातलं. वही अजून माझ्याकडं आहे. गेल्या रविवारी ती मुलगी गेल्यावर मी ती काढून बघितली. चारशे बारा नोंदी आहेत. त्यांतल्या निम्म्यांहून जास्त मी आधी तुमच्या तोंडून ऐकल्या आणि मग पुस्तकात शोधल्या. एकाही नोंदीखाली तुमचं नाव नाही.

एकविसाव्या वर्षी मला तुमच्याच प्रेसमध्ये रीडर म्हणून घेतलं. सहा महिने कच्चा आणि मग पक्का, असं मालक म्हणाले होते. जुने रीडर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गावी गेले आणि मला त्यांच्या खुर्चीवर, म्हणजे तुमच्यासमोर बसवलं. बापलेकांनी एका टेबलाशी बसू नये असा तिथं शिरस्ता होता, पण माणूस नव्हतं. फोरमन येता-जाता म्हणायचा, बाप वाचतो आन् लेक मारतो, म्हणजे रेघा. सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात. टेबलाशी तुम्ही मला नावानं हाक मारली नाहीत. "रीडर, पान अठरा," असं म्हणायचात. घरी "काय रे बाळ्या" आणि टेबलाशी "रीडर". तेव्हा मला त्यात मजा वाटायची. खरं म्हणजे मजा नव्हे, मला ते माझ्या हक्काचं वाटायचं.

तुमची आणखी एक खूण होती. मूळ कॉपीतच काही वेडंवाकडं असलं, की ते तसंच वाचायचं आणि लगेच नखानं टेबलावर दोनदा टकटक करायची. म्हणजे, रीडर, मी चुकलो नाही, कॉपीत असंच आहे. मग रीडरनं ते तसंच सोडायचं किंवा कडेला प्रश्नचिन्ह घालून गिऱ्हाइकाला विचारायचं. आपल्या मनानं बदलायचं नाही. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील, पण त्या टकटकीवर पुस्तकंच्या पुस्तकं उभी होती.

मी लागून चौथा महिना चालू होता. एका शाळा चालवणाऱ्या संस्थेचा स्मृतिग्रंथ आला. संस्था काढणारे गृहस्थ वारले होते आणि त्यांची इंग्रजी भाषणं, त्यांच्या हस्ताक्षरातली, त्यात छापायची होती. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, की मुळाबरहुकूम, एक अक्षर बदलू नये. तुम्ही ते मला दाखवलंत. नुसतं दाखवलं नाहीत, वाचून दाखवलंत. मग म्हणालात, "आपलं शहाणपण आज घरी ठेवायचं." मी म्हणालो, होय.

त्या गृहस्थांचं इंग्रजी आपल्या इकडच्या माणसाचं होतं. 'लेट अस डिस्कस अबाउट धिस', असं ते दर दोन पानांनी म्हणत होते. आपण म्हणतो ना, चला, ह्याबद्दल चर्चा करू, तसंच सरळ. आता डिस्कसच्या पुढं काहीच लागत नाही, अबाउट तर नाहीच, ही माझ्या वहीतली अगदी पहिल्या पानावरची नोंद होती. पहिल्यांदा तुम्ही ते वाचलंत, 'अबाउट'ला नेहमीसारखा आवाज दिलात आणि टेबलावर दोनदा टकटक केलीत. मी प्रूफातला अबाउट खोडला. मला अजून माझा हात दिसतो. निळी पेन्सिल होती, मी ती टोकदार ठेवायचो. मी कडेला प्रश्नचिन्ह घातलं नाही, सरळ काढून टाकायची खूण केली. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, त्याच्या पुस्तकात अशी चूक राहिली तर छापणाऱ्यांचं हसं होईल. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण एवढंच, की मला बरोबर काय ते माहीत होतं, आणि माहीत असून हात आवरणं मला जमत नव्हतं. नऊ ठिकाणी डिस्कस अबाउट होतं आणि दोन ठिकाणी 'रीच्ड टू'. अकरा वेळा तुम्ही टकटक केलीत. अकरा वेळा मी खोडलं. तुम्ही नियमाप्रमाणं माझ्या कागदात बघत नव्हता.

संस्थेच्या माणसानं शेवटचं प्रूफ न वाचताच सही करून दिलं. पुस्तक छापून, बांधून, समारंभात वाटलंही गेलं. मग एका सकाळी त्या गृहस्थांची मुलगी प्रेसमध्ये आली. पन्नाशीच्या बाई, फिकट इरकली नेसलेल्या, हातात पुस्तक आणि त्यात बसच्या तिकिटांच्या खुणा घातलेल्या. त्या भांडल्या नाहीत. मालकांच्या केबिनमध्ये त्यांनी आपल्याला दोघांना समोर उभं करून एक पान मोठ्यानं वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, की शुद्ध आहे, पण हे आमचे अप्पा नव्हेत. चाळीस वर्षं आम्ही जेवताना, फिरताना त्यांच्या तोंडून 'डिस्कस अबाउट' ऐकलं, घरातली मुलं त्यांची नक्कल करायची, त्यांना चिडवायची. माणूस गेल्यावर त्याचं बोलणं तेवढं राहिलं होतं, ते तुम्ही धुऊन टाकलंत. 

मालकांनी कॉपी मागवली. कॉपीत अबाउट स्पष्ट होता, अकराही जागा स्पष्ट होत्या. मालकांनी माझ्याकडं बघितलं. आपल्या कामाच्या रीतीप्रमाणं दोनच शक्यता होत्या. एक तर वाचणाऱ्यानं शब्द गाळला, किंवा रीडरनं ऐकूनही खोडला. टकटक कुठं लिहून ठेवलेली नसते. मालक म्हणाले, बोल. आणि मी म्हणालो, "जसं ऐकलं तसं केलं, सर."

चार-पाच शब्द आहेत ते, अण्णा. मी वाक्य अगदी काळजीपूर्वक केलं होतं. तुम्ही चुकीचं वाचलंत असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही, तुमचा उल्लेखच नाही. कुणी पुढं पकडलं असतं तर सुटता आलं असतं. म्हणजे त्या क्षणीही माझं डोकं काम करत होतं, आणि कामच करत होतं, हे मला नंतर जास्त लागलं. मी तुमच्याकडं बघितलं नाही. तुमचे पाय दिसत होते, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. तुम्ही किती वेळ थांबलात ते मला सांगता येणार नाही. फार नसावं. मग तुमचा तो आवाज आला, छोट्या शब्दांना द्यायचात तो नव्हे, मोठ्या शब्दांना द्यायचात तो, दबका. "नन्न तप्पु, सार," तुम्ही म्हणालात. माझी चूक. बाईंकडं वळून हात जोडलेत आणि डोळ्यांना हल्ली दिसत नाही असं सांगितलंत. बाई तुमच्याकडं बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांना खरं वाटलं नाही. पण त्यांनाही तुम्ही काही बोलायला जागा ठेवली नाहीत.

त्या संध्याकाळी आपण दोघं एकाच बसनं घरी आलो. मी वाट बघत होतो. तुम्ही मला मारलं असतंत, निदान एक शिवी दिली असतीत, तर मी तिथंच रडून मोकळा झालो असतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि पहिल्यांदाच पाट्या वाचत नव्हता. आपला स्टॉप यायच्या आधी उठलात आणि दांडी धरून म्हणालात, "तुझी नोकरी अजून कच्ची आहे. माझी पक्की आहे. एवढंच." थोड्या वेळानं म्हणालात, "आईला मी सांगतो काय सांगायचं ते." मी होय म्हणालो. तुमच्याशी बोलताना मी नेहमी होयच म्हणत आलो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मागच्या खोलीत. तपकिरी कागदात पुस्तकं गुंडाळायची, सुतळी बांधायची, पत्त्याची चिठ्ठी डकवायची. समोर माझ्या टेबलाशी नवा माणूस आला. चांगला पदवीधर होता, पण तो सगळे शब्द एकाच पट्टीत वाचायचा आणि दुपारी पेंगायचा. मी दोन महिन्यांनी पक्का झालो. दुपारी आपण मागच्या खोलीत एकत्र डबा खायचो. तुमच्या डब्यात गाजर असायचं. आईनं तुम्हाला मिंटोच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. तिथं चष्म्याचा नंबर होता तोच निघाला, तसूभर बदल नाही, हे मला माहीत आहे, कारण ती चिठ्ठी तुमच्या सदऱ्याच्या खिशात मला सापडली. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, नजर उतरली आहे, डॉक्टर म्हणाले गाजर खा. आणि आईनं घातलं. रोज. किसून, उकडून, कोसंबरी करून, सांबारात. तुम्हाला गाजराचा वाससुद्धा खपायचा नाही, लहानपणापासून नाही. मी समोर बसून बघायचो. तुम्ही आधी गाजर संपवायचात, पाणी प्यायचात आणि मग बाकीचं जेवायचात. एकदा मी म्हणालो, अण्णा, ते माझ्या डब्यात घाला. तुम्ही डबा माझ्या बाजूनं ओढून घेतलात. रागानं नव्हे, पण ओढून घेतलात. ती एकच वेळ, जेव्हा मी काही बोलायच्या जवळ आलो होतो.

रविवारचं वाचणं कसं बंद झालं ते मला नीट आठवत नाही. एक दिवस बंद झालं असं नाही. तुम्ही शनिवारी रद्दी आणायचं थांबवलंत, कारण पॅकिंगला प्रूफं येत नाहीत. मला काय, मला घरी वाचून दाखवायची आता गरज नव्हती. तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात तोवर मी प्रेस सोडून दुसरीकडं गेलो होतो, मग तिथून तिसरीकडं. कॉम्प्युटरच्या कंपन्यांना इंग्रजी दुरुस्त करणारी माणसं हवी होती आणि माझी वही तयार होती. इलेक्ट्रॉनिक सिटीत पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला विचारलंत, तिथं समोर कोण बसतं वाचायला? मी म्हणालो, कुणी नाही, स्क्रीनवर एकटाच बघतो. तुम्ही म्हणालात, "मग चूक कुणाची, ते तरी बरं कळतंय." तुम्ही ते टोचून बोललात की सहज, हे मी इतकी वर्षं ताडून बघतो आहे. तुम्ही टोचून बोलणारे नव्हता. पण तुम्ही कसे होता, हे मी ठरवू नये.

तुम्ही गेलात तो दिवसही लिहून टाकतो, म्हणजे काही राहायला नको. साठाव्या वर्षी, सकाळी, दूध आणायला निघालेले दाराशीच बसलात आणि संपलात. आजूबाजूला कळवायला म्हणून शेजारच्या सद्गृहस्थांनी, नागपूरकडचे होते, कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून आणल्या, फाटकावर लावायला. त्यात 'डाइड बाय हार्ट अटॅक' असं होतं. आत तुम्ही जमिनीवर होता. आई भिंतीला टेकून बसली होती. मी खिशातलं पेन काढलं, 'बाय' खोडून 'ऑफ' केलं आणि कागद त्यांना परत दिला.  मला वाटतं, त्यांनी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल.

आता मी काय करतो ते ऐका. कुणाचं लिखाण माझ्याकडं आलं आणि त्यात असं काही दिसलं, की मी आधी त्या माणसाला विचारतो, तुम्ही असंच बोलता का? बोलत असाल तर राहू दे. तासाची मुलं चकित होतात, एवढा काटेकोर माणूस आणि हे सोडतो कसा. मी कारण सांगत नाही. ते मी त्या बाईंकडून शिकलो आणि त्याची किंमत तुम्ही दिलीत. तेही मी माझं म्हणूनच वापरतो.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते उघडच आहे, आणि पोचलं तरी त्यात तुम्हाला माहीत नसलेलं काहीच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. सोमवारी मी त्या मुलीला सांगितलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये, कॉफी घेताना, सगळं, टकटकीपासून गाजरापर्यंत. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, हे तुम्ही मला का सांगताय? आजींना सांगा ना." मी म्हणालो, सांगणार आहे. आज शनिवार. आई आता ऐंशीची आहे, कान चांगले आहेत, डोकं शाबूत आहे, पलीकडच्या खोलीत असते. हे पत्र निम्मं झालं तेव्हा मी उठून तिच्याकडं गेलो. ती भिजवलेले अवरेचे दाणे सोलत बसली होती. म्हणाली, "बस की, हात लाव स्वल्प." मी समोर बसलो. दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल सुटते आणि दाणा वाटीत पडतो. आम्ही बराच वेळ सोलत होतो. मी एक वाक्य मनात तयार केलं होतं, 'आई, अण्णांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं.' पुढचं मग आपोआप आलं असतं. तेवढ्यात तीच बोलली. वाटीत बोट फिरवून दाणे बघत म्हणाली, ह्यांना बसवलं असतं तर निम्मी सालं तशीच राहिली असती बघ, दिसायचंच नाही त्यांना बिचाऱ्यांना.

मी 'हं' म्हणालो, अण्णा.